आप्पांचं नाक आणि इटलीची बाटली

आमच्या घरात मटण दोनच वेळा शिजायचं. देवाचं असलं तर, नाहीतर मेंढरू मेलं तर. हिंगोलीला कॉलेजात असताना मैत्रिणींना वाटायचं, ह्यांच्या घरी मेंढरं म्हणजे रोज चंगळ असेल. पण मेंढरं हेच आमचं शेत होतं. ते कापून खाल्लं तर पुढच्या साली काय करायचं?

मी दुसरीत होते तेव्हा एका पावसाळ्यात रोग आला. आमची पन्नासेक मेंढरं होती, पंधरा दिवसांत अकरा उरली. त्या पंधरा दिवसांत घरात रोज मटण होतं. आई रडत शिजवायची आणि आम्ही भावंडं मान खाली घालून खायचो. तेव्हाच एकदा लिंबाजी आप्पा दारात येऊन उभे राहिले. ते माझ्या वडिलांचे थोरले चुलत भाऊ. धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायची आमच्यात रीत नाही, म्हणून ते माझ्याकडे बघून बोलले. आई तीन हातांवर चुलीपाशीच बसली होती.

"संगे, तुझ्या मायला म्हन, तिखट घालू नको. नुसती हळद, मीठ अन् लसून. लेकरायच्या पोटाला सोसायचं न्हाई."

"संगे, आप्पाला म्हन, तिखट घातलंच न्हाई अजून," आई म्हणाली.

"मंग घालायच्या इचारात हाय. मिरची कुटल्याचा वास पार लिंबापस्तोर येऊन राहिला."

आईनं कुटलेली मिरची पुडीत बांधून फळीवर ठेवून दिली. हळदीच्या पिवळ्या पाण्यात शिजलेल्या त्या बिनतिखट मटणाला आमच्याकडे अळणी म्हणतात. मीठ असतं, तरी अळणीच म्हणतात. पंधरा दिवसांत पहिल्यांदा मी पुन्हा मागून घेतलं.

आमची वस्ती सिद्धेश्वर धरणाच्या वरच्या अंगाला, पाण्यापासून थोडी उंचावर. चाळीस उंबरे. सगळे मेंढरंवाले, थोडी थोडी कोरडवाहू जमीन. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन माणसं बाहेर पडतात ती पावसाळ्याच्या तोंडाला परत येतात. बाहेर पडायच्या आधी बिरोबाला मेंढा देतात, आणि त्या मेंढ्याचा स्वयंपाक करायचा मान आप्पांचा होता. बायकांनी त्या डेगीपाशी जायचं नाही. आणि नैवेद्य दाखवेपर्यंत कुणीच, आचाऱ्यानंसुद्धा, जिभेला काही लावायचं नाही. देवाच्या आधी चाखलं की ते उष्टं झालं.

म्हणजे चाळीस घरांचं जेवण करायचं आणि मीठ बघायचं नाही. आप्पांनी हे चाळीस वर्षं केलं. नाकानं केलं.

डेग चढली की आधी ते चिमूटभर माती हवेत सोडून वारा बघायचे, आणि वाफ जिकडे जाईल तिकडे जाऊन उभे राहायचे. धूर डोळ्यांत जायचा. म्हणून आप्पांचे डोळे बारा महिने लाल. नवा पाहुणा हमखास कुणाच्या तरी कानात कुजबुजायचा, "आचारी लावून आलाय वाटतं." आप्पांच्या कानावर ते यायचंच. ते म्हणायचे, "येऊ द्या. त्यायला काय तकलीफ हाय, माझे डोळे मला दिसत न्हाईत." दारू त्यांनी तरुणपणी एकच साल प्यायली होती. त्या साली मटण खारट झालं. पुन्हा शिवली नाही. तंबाखू नाही, तपकीर नाही, विडी ओढणाऱ्याच्या शेजारी बसणं नाही. स्वयंपाकाच्या आदल्या दिवशी कांदासुद्धा खायचे नाहीत. "जीभ लाडावलेली असती," ते म्हणायचे. "तिला जे आवडतं तेच ती खरं म्हनती. नाकाला कुनी लाडावत न्हाई."

मिठाला वास नसतो, हे मी बी.एस्सी.ला शिकले आणि सुट्टीत जाऊन त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मिठाला नसंल. पन मीठ कमी पडलं की वाफ कच्ची येती. तुझ्या मास्तरला म्हनाव, एकदा येऊन हुंग." मास्तर काही आले नाहीत. पण मी हुंगलं. पुस्तकात कसं बसवायचं ते मला आजही कळत नाही, तरी कमी मिठाची वाफ वेगळी येते.

कौतुकाच्या बाबतीत माणूस कंजूस. 'चांगलं' हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हता. फार पसंत पडलं तर 'बराबर'. मला बघायला पाहुणे आले आणि मी नाही म्हटलं, तेव्हाही ते 'बराबर' एवढंच म्हणाले होते.

हिंगोलीच्या हळदीच्या बाजारात त्यांना सगळे ओळखायचे. आप्पांची स्वतःची हळद नव्हती. ते मेंढरांसाठी पेंड घ्यायला जायचे. पण व्यापारी हाका मारायचे, "आप्पा, जरा इकडं." मग ते एक हळकुंड मोडून नाकाशी धरायचे आणि सांगायचे, ही शिजवताना जास्त उकळली, ही पावसात भिजली अन् पुन्हा वाळवली. एका व्यापाऱ्यानं दळलेली हळद पुढे केली. आप्पांनी वास घेतला आणि विचारलं, "ह्यात तांदूळ कोनत्या दुकानाचा घातला?" व्यापारी चिडला. आप्पा म्हणाले, "चिडू नका शेठ. तांदूळ चांगल्या जातीचा हाय." 'चांगल्या' म्हणाले खरे, पण तो टोमणा होता, त्यामुळे धरायचा नाही.

आणखी एकदा औंढ्याजवळच्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी जावळाचं जेवण होतं. देवाचं नव्हतं, चाखायला कुणाची बंदी नव्हती. घरधनी म्हणाला, "आप्पा, चाखून बघा की." आप्पा म्हणाले, "सवय मोडली की नाक आळशी व्हतं." ते पाणी प्यायला गेले तेवढ्यात घरच्या जावयानं, ह्या म्हाताऱ्यावर भरवसा काय ठेवायचा, म्हणून मूठभर मीठ डेगीत टाकलं. आप्पा परत आले, वाफेत उभे राहिले आणि पळी खाली ठेवली. "कोन आलं होतं हितं?" आप्पांनी परातभर कणीक मळायला लावली, तिचे गोळे डेगीत सोडले, आणि खारट झालेले गोळे काढून एका पातेल्यात ठेवले. पंगत बसली तेव्हा घरधन्याला म्हणाले, "हे जावईबापूंचं येगळं काढलंय. त्यायला मीठ जास्त लागतं."

ह्या माणसामुळे मी शिकले, हे मी कुठेही सांगते. दहावीनंतर वडील मला मेंढरांमागं नेणार होते. माझे मार्क बरे होते, पण मार्कांचं आमच्या घरात कुणाला काही कळत नव्हतं. आप्पा येऊन म्हणाले, "ह्या पोरीला ठिवा मागं. हिचं नाक हाय." वडील म्हणाले, "नाकाचं कॉलेज असतं व्हय?" आप्पा म्हणाले, "असंल. निघंल कुठंतरी." लहानपणी आम्हा सगळ्या पोरांचे डोळे बांधून ते कोकरू नाकाशी धरायचे आणि कुणाच्या मेंढीचं ते ओळखायला लावायचे. बाकीची पोरं अंदाजानं सांगायची. मी चुकत नव्हते.

नाकाचं कॉलेज खरंच निघालं. बी.एस्सी. झाल्यावर मी हॉटेलचं शिक्षण घेतलं आणि नाशिककडच्या एका हॉटेलात लागले. तिथे वाइन शिकवायला एक मॅडम यायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी पांढऱ्या वाइनचा ग्लास फिरवला आणि प्रत्येकाला वास विचारला. कुणी म्हणालं लिंबू, कुणी सफरचंद. मी म्हणाले, "ओल्या घोंगडीचा." वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "ह्या द्राक्षाच्या वाइनला जगभर ओल्या लोकरीचाच वास सांगतात. तुला कुणी सांगितलं?" कुणी सांगितलं म्हणून काय सांगणार? मी पावसाळ्यात घोंगडीखाली वाढलेली मुलगी.

तर मी आमच्या खानदानातली पहिली पदवीधर, आणि काम करते वाइन वाढायचं. वस्तीवर हे आईशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आई सगळ्यांना सांगायची, "संगी हाटेलात म्यानेजर हाय."

आता बाटलीचं सांगते. आमच्या हॉटेलानं इटलीची एक तांबडी वाइन मागवली होती. बारोलो तिचं नाव. उत्तर इटलीतल्या धुक्याच्या डोंगरात नेब्बिओलो नावाचं द्राक्ष होतं, त्याची. रंगाला फिकी, विटेच्या पाण्यासारखी. रंगावर जाऊन माणूस फसतो आणि पहिल्या घोटाला हिरड्या आवळून येतात. गिऱ्हाईक तिखट चिकनबरोबर मागवायचं आणि परत पाठवायचं. "मॅडम, हे कडू औषध काय देताय?" त्यात ती बिअरच्या फ्रिजात ठेवलेली असायची. थंड केली की तिचा तुरटपणा दुप्पट होतो. फ्रिजातून मी ती काढायला लावली, तरी बाटल्या परतच येत राहिल्या. मालक म्हणाले, "दिवाळीनंतर बघू. हिच्याबरोबर आपल्याकडचं काय चालतं ते शोधून काढ. नाही सापडलं तर वाइनचं काउंटर बंद करू, तू पुन्हा रिसेप्शनला." तिथे शिकलेल्या बारा जणी बसू शकत होत्या. वाइनला मी एकटी होते.

पुस्तकं वाचली. पुस्तकात लिहिलेलं की हिला शिकारीचं मांस, तासन्‌तास शिजवलेलं बैलाचं मटण, जुनं कडक चीज. ह्यातलं काय मी आमच्या गिऱ्हाइकाला वाढू? शेवटी दिवाळीच्या सुट्टीत एक बाटली ओढणीत गुंडाळली आणि गावाकडे निघाले. मला आप्पांचं नाक पाहिजे होतं.

बिरोबाच्या दिवशी सकाळी आप्पा त्यांच्या झोपडीपुढे चुलीवर दूध ठेवून बसले होते. मी बूच काढलं, स्टीलच्या गिलासात थोडी ओतली आणि पुढे केली.

"आप्पा, प्यायची न्हाई. नुसतं हुंगून सांगा. हिच्यासंगं काय खायचं?"

त्यांनी गिलास नाकाशी धरला. बराच वेळ धरला.

"चांगलंय," ते म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. चाळीस वर्षांत न निघालेला शब्द. आणि तेवढ्यात मला वास आला. दूध खाली लागलं होतं. दोन हातांवर चूल, करपल्याचा वास मला उभ्यानं येत होता, आणि आप्पा गिलास हातात धरून शांत बसले होते.

"आप्पा, दूध करपलं."

त्यांनी दचकून पातेलं उतरवलं. हात भाजला. मग ते पातेल्याचं काळं झालेलं बूड काटकीनं खरवडायला लागले.

"पोळ्याच्या वक्ताला ताप आला होता," ते म्हणाले. "ताप गेला. जाताना ह्येबी घेऊन गेला. मेंढरायच्यात बसलो तरी काही येत न्हाई, संगे. कोऱ्या मातीत बसल्यावानी वाटतं."

"कुनाला सांगितलं?"

"तुला."

"मंग आज डेग?"

"तेच इचार करून राहिलो. मारोतीला द्यावी म्हनलं पळी, तर तो चाखतो." मारोती म्हणजे त्यांचा पुतण्या, हाताखाली काम करणारा, चाळिशीचा माणूस. "मागच्या साली मी पाठ फिरवली अन् त्यानं बोट चाटलं. देवाच्या आधी. मी बोललो न्हाई."

मी माझ्या कामासाठी आले होते आणि आता विचारावं तरी कसं? मी बाटलीला बूच लावायला लागले. आप्पांनी हात धरला.

"आज वस्तीवर जे तोंडाला लागनार हाय ते आधी देवापुढं. ठिव तिथं. अन् बूच लावू नको. देवाला काय बंद करून दावती?"

मी बारोलोची उघडी बाटली बिरोबाच्या दगडापाशी, नारळाच्या शेजारी ठेवली. आईनं लांबून बघितलं आणि कपाळावर हात मारला.

आता आमच्याकडे रीत अशी आहे, की मेंढा देवापुढे उभा करायचा, पाठीवर हळदीचं पाणी शिंपडायचं आणि वाट बघायची. मेंढ्यानं अंग झाडलं म्हणजे देवानं मान्य केलं. तोवर कुणी हात लावायचा नाही. एरवी दोन मिनिटांत झाडतो. पाणी पडलं की कुठलंही जनावर झाडेल. त्या दिवशी मेंढा झाडेना. उभ्या उभ्या लिंबाचा पाला खाऊ लागला. पुन्हा पाणी घातलं. पाणी पाठीवरून गळून गेलं, मेंढा रवंथ करायला लागला.

तास गेला. दोन तास गेले.

"देवबी लेट हाय आज," कुणीतरी म्हणालं.

"हाटेलवाली पोरगी आलीय, मेनू बघून राहिला असंल."

तिसऱ्या तासाला बिरोबाची पूजा करणारा भगत उठला. मेंढा झाडत नाही म्हणजे वस्तीवर कुणीतरी काहीतरी झाकून ठेवलंय, अशी आमच्यातली समजूत. झाकलेलं ज्याचं त्यानं पुढे येऊन बोलायचं. एकजण उठला आणि म्हणाला, भावाच्या चाऱ्याच्या चार पेंढ्या मी नेल्या. भाऊ म्हणाला, चार न्हाई, सात. मेंढा ढिम्म. मारोती उठला, कान पकडले आणि बोट चाटल्याचं सांगून टाकलं. बायकांत हशा पिकला. मेंढा ढिम्म.

मग आप्पा उठले. मला वाटलं होतं ते उठणार नाहीत. त्यांनी पटका काढून हातात घेतला.

"माझं नाक गेलंय," ते म्हणाले. "पोळ्यापासून. काहीच कळत न्हाई मला. तुमास्नी फसवून डेगीपाशी उभा ऱ्हानार होतो."

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी मेंढ्याकडे बघितलं. मेंढा तसाच उभा होता.

"मंग माझंबी नव्हतं म्हनायचं," आप्पा म्हणाले आणि खाली बसले.

तेव्हा मागून बायकांतून आई उठली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून, कुणाकडेच न बघता म्हणाली, "माझी पोरगी म्यानेजर न्हाई. दारू वाढती हाटेलात. ती देवापुढं बाटली हाय ती तिचीच."

माझी कानशिलं तापली. वस्तीत कालवा झाला. आणि त्या कालव्यात मेंढ्यानं डोक्यापासून शेपटापर्यंत असं अंग झाडलं, की भगताच्या तोंडावर हळदीचे शिंतोडे उडाले. सगळे ओरडले. मेंढ्याच्या कानावर एक गोमाशी बसलेली मी बघितली होती. मी कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

मेंढ्याचा प्रश्न मिटला, पण डेगीचा राहिला. मारोतीनं पळीकडे हात केला. आप्पा म्हणाले, "पळी माझ्याच हातात ऱ्हाईल. नाक हिचं." आणि माझ्याकडे बोट केलं.

"बाईमानूस डेगीपाशी?" भगत म्हणाला. "अन् तेबी आत्ता आयकलं तसलं काम करनारी?"

"डेगीला हात लावायची न्हाई ती. पळीला न्हाई. लाकडाला न्हाई," आप्पा म्हणाले. "वाफंत उभी ऱ्हाईल. वाफ काय कुनाच्या बापाची हाय का?"

ह्यावर भगत बाजूला सरकला. बायका हसल्या, तसा तो आणखी दोन पावलं सरकला.

आप्पांनी माती हवेत सोडली. मी वाफ जाईल तिकडे जाऊन उभी राहिले. चाळीस वर्षं तिथे आप्पा उभे असत. पहिल्या पाच मिनिटांत डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. आप्पा पलीकडून विचारायचे, "काय म्हनतंय?"

"लसून कच्चा हाय."

ते ढवळायचे. "आता?"

"हळद बसली. मटनाचा हिरवट वास हाय अजून."

"झाकन ठिव रे मारोत्या."

मिठाच्या वेळी त्यांनी दोन ओंजळी टाकल्या आणि माझ्याकडे बघितलं. तसं मी कुठल्याही परीक्षकाला माझ्याकडे बघताना पाहिलेलं नाही. मी थांबले. डोळे मिटले. वाफ कच्ची होती.

"अजून अर्धी," मी म्हणाले.

त्यांनी अर्धी ओंजळ टाकली. विचारलं नाही, खात्री केली नाही. अळणीचं एक पातेलं बाजूला काढलं आणि उरलेल्यात काळं तिखट सोडलं.

नैवेद्य झाला. पहिला घास भगताचा. चाळीस घरं त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि आप्पा जमिनीकडे. भगतानं चावला, गिळला, दुसरा घास घेतला आणि म्हणाला, "बराबर." आप्पांनी पटका पुन्हा डोक्याला बांधला.

मग त्यांना बाटली आठवली. देवापुढून ती स्वतः उचलून आणली आणि माझ्यापुढे बसले. आजूबाजूला गर्दी जमली, आई धरून. मी गिलासात ओतली. वास घेतला आणि पुन्हा घेतला. सकाळची वाइनच ही नव्हती. सकाळी ती मूठ आवळून बसली होती. सकाळपासून दुपार टळेपर्यंत देवापुढे उघडी राहिली आणि सुटली. अशा वाइनला आधी मोकळी हवा द्यावी लागते हे मी पुस्तकात वाचलं होतं. आम्ही मात्र टेबलावर बूच काढून लगेच ओतायचो.

"काय म्हनतंय?" आप्पांनी विचारलं. डेगीपाशी विचारलं तसंच.

"वाळलेला गुलाब. अन् नवीन सडकेचं डांबर, ऊन नसताना."

"हे एका बाटलीत?" ते हसले. "अन् जिभंला?"

"तुरट. बाभळीच्या शेंगंवानी."

मी तिखट रश्श्याचा घास घेतला आणि वर वाइनचा घोट. तोंडात आग लागली. मिरची भडकली, वाइन कडू झाली, दोघांनी मिळून मला रडवलं. हॉटेलातलं गिऱ्हाईक खोटं बोलत नव्हतं. मी आप्पांना तसं सांगितलं.

"तुरटाला तिखटापाशी काहून नेतीस?" ते म्हणाले. "मेंढराला बाभळीच्या शेंगा जास्त झाल्या की आपन काय देतो?"

"पेंड."

"काहून?"

"पेंडीत तेल असतं."

"मंग? बी.एस्सी. तू झालीस का मी झालो?"

त्यांनी अळणीच्या पातेल्यातून बरगडीचा एक तुकडा काढला, अंगची चरबी थरथरत होती असा. शेजारी निखाऱ्यावर भाजलेलं काळीज ठेवलं, वर मीठ. मी खाल्लं आणि घोट घेतला. चरबीनं तुरटपणा उचलून नेला आणि वाइननं चरबी धुऊन काढली. हळद मधे आली नाही. तोंडात गुलाब राहिला. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा खाल्ला तरी राहिला.

मी डोळे उघडले. आप्पा माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते.

"बराबर," मी म्हणाले.

गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं मागून घेऊन एक घोट चाखला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "ह्याच्यासाठी इटलीला जायाचं काय काम होतं? बाभूळ हितं हाय की." आप्पांनी काही चाखलं नाही. आईनं मला विचारलं, "ह्ये वाढती तू? येवढंसं?" मी व्हय म्हणाले. तेव्हा ती माझ्याकडे बघत, पण आप्पांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मंग ह्यात लपवायसारखं काय होतं?" आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "संगे, तुझ्या मायला म्हन, आमी कुठं लपवलं होतं?"

नाशिकला परत आल्यावर मी बाटल्या जेवणाच्या चार तास आधी उघडायला लावल्या. बरगडीचं अळणी, भाजलेलं काळीज, ज्वारीची भाकरी, एवढंच ताट. आचाऱ्यानं अळणीत केशर घातलं, ते मी काढायला लावलं. त्याला वाटलं मी गावठी आहे. मी आहेच. मालकांनी आठ पाहुणे बोलावले होते, त्यांनी दुसरी बाटली मागितली, मग तिसरी. काउंटर राहिलं. माझी नेमणूक कायम झाली. मेनूवर त्या ताटाला हिंगोलीचं नाव आहे.

ते सांगायला मी आप्पांना फोन केला होता. त्यांचं 'बराबर' फोनवर ऐकलं. पुढच्या उन्हाळ्यात मेंढरांमागं असतानाच ते गेले. नाक परत आलं नव्हतं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते बिरोबाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. मला औंढ्याहून गाडी धरायची होती, म्हणून लवकर निघाले. वाटेत आप्पांची झोपडी. ते चुलीपुढे उकिडवे बसले होते, चुलीवर दूध. मी हाक मारली. त्यांनी वर बघितलं नाही, नुसता हात हलवला. पातेल्याच्या काठाकडे ते डोळे लावून बसले होते, साय कशी आकसते, कडेला पहिला बुडबुडा कुठे येतो ते बघत. साठीच्या पुढचा माणूस, नव्यानं शिकत होता. मी उभी राहिले. दूध वर आलं, आप्पांनी पटक्याच्या टोकानं पातेलं धरलं आणि वेळेवर उतरवलं.

दूध करपलं नाही.